खेळण्यातली बंदूक आणि एक ज्यूलची सीमारेषा

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक, जत्रेत फुगे फोडायची छऱ्यांची बंदूक आणि सैनिकाच्या खांद्यावरची रायफल या तीन वस्तूंपैकी खेळणे कोणते आणि शस्त्र कोणते, असे वर्गात विचारले तर पहिल्या आणि तिसऱ्या वस्तूबद्दल कोणाचाही गोंधळ होणार नाही. अडचण मधल्या वस्तूची आहे. ती खेळासाठी वापरतात, पण तिच्या छऱ्याने डोळा जाऊ शकतो. मग खेळणे नेमके कुठे संपते आणि शस्त्र कुठे सुरू होते? कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ही रेघ काही देशांनी चक्क भौतिकशास्त्राच्या एका सूत्राने ओढली आहे. तिचा इतिहास आपण येथे पाहू.

या इतिहासाचा नायक आहे ‘एअरसॉफ्ट’ नावाची बंदूक. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी, पण दाबलेल्या हवेने किंवा वायूने सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी फेकणारी. अशा बंदुका घेऊन मोठी माणसे मैदानावर लुटुपुटूची लढाई खेळतात.

हवा म्हणजे खेळ नव्हे

‘दारूऐवजी हवा वापरली, म्हणजे बंदूक निरुपद्रवी झाली’ हा समज इतिहासाला धरून नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांडोनी या कारागिराची हवेची रायफल स्वीकारली होती. तिच्या दस्त्यात हवेची टाकी असे आणि ती हातपंपाने भरावी लागे. एका भरणीत ती सुमारे वीस शिशाच्या गोळ्या एकामागून एक झाडी. त्या काळच्या दारूच्या बंदुकीला प्रत्येक बारानंतर पुन्हा ठासावे लागत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या शस्त्राचे महत्त्व कळते. थोडक्यात, गोळी कशाने ढकलली यावरून ती किती घातक हे ठरत नाही. बाहेर पडलेल्या गोळीपाशी काय आहे, ते पाहावे लागते.

गोळीपाशी असते तरी काय?

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील विद्वानांमध्ये यावर मोठा वाद होता. हलत्या वस्तूचा ‘जोर’ वस्तुमान गुणिले वेग या गुणाकाराने मोजायचा, असे देकार्तचे अनुयायी म्हणत. लायब्निझ म्हणे, वेगाचा वर्ग घ्यायला हवा. हॉलंडमधील स’ग्रॅव्हेसांडे या प्राध्यापकाने १७२२ च्या सुमारास हा वाद मातीत उतरवला. सारख्याच आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे त्याने मऊ मातीच्या थरावर निरनिराळ्या उंचीवरून टाकले. वजन आणि उंची यांचा गुणाकार सारखा असला, की मातीतला खड्डाही सारखाच पडे. उंची चौपट केली की पडणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पट होतो, हे गॅलिलिओपासून माहीत होते. म्हणजे खड्डा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० साली आपल्या भौतिकशास्त्रावरील ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला. पुढे एकोणिसाव्या शतकात कोरिओलिसने त्याला ‘अर्धा’ हा गुणक जोडला आणि आज आपण शिकवतो ते सूत्र तयार झाले : गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे.

वेग मोजायचा कसा, हा प्रश्न राहिला होता. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने त्यासाठी सोपी युक्ती काढली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी झाडायची, ठोकळा किती झुलला ते पाहायचे आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमावरून वेग काढायचा. आज प्रकाशकिरण छेदल्याची वेळ नोंदणारे छोटे उपकरण हे काम क्षणात करते. पण अमुक एका बंदुकीच्या गोळीत इतकी ऊर्जा आहे असे आज पोलीस सांगतात, तेव्हा त्यामागे ही शतकाहून अधिक काळाची खटपट असते.

जपानमधील वाटचाल

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानमध्ये नागरिकांच्या शस्त्रांवर कडक बंधने आली आणि १९५८ साली बंदुका व तलवारी यांच्यासंबंधीचा कायदा झाला. सामान्य माणसाला पिस्तूल बाळगणे अशक्यच झाले. बंदुकीची हौस मात्र चित्रपटांनी जागवली होती. ती भागवण्यासाठी खऱ्या पिस्तुलाच्या धातूच्या प्रतिकृती बाजारात आल्या. त्या गोळी झाडत नसत, फक्त दिसत. पण दुकानदाराला धमकावायला दिसणेही पुरते! म्हणून १९७१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पिस्तुलाच्या धातूच्या प्रतिकृतीला पांढरा किंवा पिवळा रंग देणे आणि तिची नळी बुजवणे सक्तीचे झाले. १९७७ साली नियम आणखी आवळले गेले.

धातूवर बंधने आल्यावर कारखानदार प्लॅस्टिककडे वळले. प्लॅस्टिकच्या बंदुकीत स्प्रिंग बसवून हलकी गोळी उडवण्याची सोय झाली आणि त्यातून एअरसॉफ्ट जन्मली. १९८० च्या दशकात तिचा खेळ लोकप्रिय झाला. १९९१ साली टोकियो मारुई या कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ जगभर पसरला. तोवर गोळीच्या ऊर्जेवर कायद्याची मर्यादा नव्हती. कारखानदारांच्या संघटनेनेच स्वतःला मर्यादा घालून घेतल्या होत्या.

स्वतःहून पाळलेल्या नियमांचा कमकुवतपणा असा, की जो संघटनेत नाही त्याच्यावर ते चालत नाहीत. काही उत्पादक जास्त ताकदीच्या बंदुका विकू लागले, काही हौशी मंडळी त्यांत फेरफार करू लागली. २००५ साली रस्त्यावरील धावत्या मोटारींवर अशा बंदुकांतून गोळ्या झाडल्याच्या घटना घडल्या आणि मोटारींच्या काचा फुटल्या. सरकारला हात घालणे भाग पडले.

साडेतीन ज्यूलचा कायदा

२००६ साली केलेल्या दुरुस्तीने जपानच्या कायद्यात एक नवा वर्ग निर्माण झाला. त्याला ‘उप-हवाबंदूक’ म्हणता येईल. गोळीची गतिज ऊर्जा तिच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने भागायची. उत्तर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन ज्यूल किंवा अधिक आले, तर ती बंदूक माणसाला इजा करू शकणारी मानायची. ती सामान्य माणसाला बाळगता येत नाही. २० ज्यूलच्या पुढे ती खरी हवाबंदूक ठरते आणि तिला परवाना लागतो. मोजणी नळीच्या तोंडापासून पाऊण ते सव्वा मीटर अंतरावर, २० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात करायची. तापमानाची अट का, हे वायूचे नियम शिकवणाऱ्या शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. वायूवर चालणारी बंदूक थंडीत मंद आणि उन्हाळ्यात तेज होते. ज्यांच्याकडे जास्त ताकदीच्या बंदुका आधीपासून होत्या, त्यांना त्या कमजोर करून घ्यायला किंवा टाकून द्यायला सहा महिन्यांची मुदत मिळाली.

आता आकडेमोड करू. सहा मिलिमीटर व्यासाच्या गोळीचा काटछेद ०.२८३ चौरस सेंटिमीटर. त्याला साडेतीनने गुणले की ०.९९, म्हणजे जवळजवळ एक ज्यूल. गोळी ०.२ ग्रॅमची असेल, तर तिला सेकंदाला सुमारे ९९ मीटर वेगापर्यंत मुभा आहे. ताशी साडेतीनशे किलोमीटर!

हा एक ज्यूल किती मोठा? शंभर ग्रॅमचा पेरू एक मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याच्यापाशी ०.९८ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तेवढीच. पण पेरू डोक्यात पडला तर आपण डोके चोळतो आणि पेरू खातो. फरक क्षेत्रफळाचा आहे. पेरूचा व्यास सहा सेंटिमीटर धरला तर गोळीच्या तो दहापट, म्हणजे काटछेद शंभरपट. तीच ऊर्जा शंभरपट जागेवर पसरते. टाचणी बोचते आणि बोट बोचत नाही, हे आपण दाब शिकवताना सांगतो, तोच विचार येथे ऊर्जेला लावला आहे.

एखादा हुशार विद्यार्थी येथे अडवील, आणि त्याने अडवावेच. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १३० किलोमीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा सुमारे १०४ ज्यूल. काटछेद चाळीस चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अवघे २.६ ज्यूल. या कसोटीवर चेंडू गोळीहून सौम्य ठरतो, पण त्याने बरगडी मोडते! याचा अर्थ कसोटी खोटी असा नाही. ती कातडी भेदणाऱ्या बारीक, हलक्या गोळीसाठी आहे. हाड मोडणाऱ्या जड वस्तूचे मोजमाप वेगळे. कोणताही आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे न पाहता वापरला, की तो फसवतो.

आणखी एक गोष्ट. मर्यादेच्या आतली गोळी डोळ्यालाही निर्धोक आहे, असे कायदा म्हणत नाही. मोठ्या चेंडूला डोळ्याभोवतीचे हाड बरेचसे अडवते, पण सहा मिलिमीटरची गोळी थेट बुबुळावर पोचते. आत रक्तस्राव होणे, मोतीबिंदू होणे, नेत्रपटल सुटणे अशा इजा त्यातून होतात. म्हणून मैदानावर चष्मा काढायचा नाही, हा या खेळातील पहिला नियम असतो. जपानमध्ये दहा वर्षांवरील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या बंदुकांना कारखानदारांनी ०.१३५ ज्यूल ही खूपच खालची मर्यादा ठेवली आहे.

दिसण्याचा धोका

ज्यूलच्या कसोटीत एक मोठी फट आहे. ती गोळी लागणाऱ्याचा विचार करते, बंदूक पाहणाऱ्याचा करत नाही. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि अवघ्या दोन सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मरण पावला. पोलिसांना दूरध्वनी करणाऱ्याने ‘बंदूक बहुधा नकली आहे’ असे सांगितले होते, पण ते गाडीतल्या शिपायांपर्यंत पोचलेच नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अशा बंदुकांच्या तोंडाशी नारिंगी खूण सक्तीची आहे. या पिस्तुलावरची ती खूण निघालेली होती. त्या पिस्तुलाची गोळी किती ज्यूलची होती, याला तेथे काहीच अर्थ उरला नाही.

म्हणून इतर देशांनी दिसण्याचे आणि नेण्याचे नियम केले. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने नकली बंदूकही सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणे हा गुन्हा झाला. २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणली. ती १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. विमा उतरलेल्या मैदानावर खेळणाऱ्यांना यातून सूट मिळाली. नवख्याला मात्र भडक लाल, पिवळ्या, निळ्या अशा रंगाची बंदूक घ्यावी लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलाला कोणतीही नकली बंदूक विकता येत नाही. २०१७ साली ब्रिटननेही ऊर्जेची रेघ ओढली : सलग झाडणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक गोळी झाडणारीला २.५ ज्यूल. जर्मनीत २००८ पासून शस्त्रासारखी दिसणारी वस्तू उघड्यावर नेता येत नाही. ती बंद आणि कुलूप लावलेल्या पेटीतूनच न्यावी लागते. थोडक्यात, घरापासून मैदानापर्यंत ती कोणाच्या दृष्टीला पडू नये.

आपल्याकडे

आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाबंदुकीसाठी दोन कसोट्या आहेत : ऊर्जा २० ज्यूलहून अधिक किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून मोठा असेल, तर ती परवान्याच्या वर्गात जाते. एअरसॉफ्टची गोळी ऊर्जेने या मर्यादेच्या विसाव्या हिश्शाइतकी, पण व्यासाने मोठी. दोन कसोट्या दोन दिशांना बोट दाखवतात! तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाकडून असे ‘खेळणे’ मागवण्यापूर्वी पोलिसांच्या परवाना शाखेत आणि सीमाशुल्क कार्यालयात विचारलेले बरे. विमानात तर खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूकही हातातल्या सामानात नेता येत नाही.

वर्गासाठी

स’ग्रॅव्हेसांडेचा प्रयोग शाळेत सहज होतो. ताटात शाडूच्या मातीचा मऊ, सपाट थर द्यावा. एकाच आकाराची काचेची गोटी आणि लोखंडी छर्रा घेऊन दोन्ही तराजूत तोलावेत. मग वजन गुणिले उंची सारखे येईल अशा उंचीवरून ते सोडावेत आणि खड्डे मोजावेत. त्यानंतर तीच गोटी चौपट उंचीवरून टाकून पाहावी. बंदूक, बेचकी यांना मात्र या प्रयोगात जागा नाही.

खड्डे मोजून झाले की मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा : तुम्हाला कायदा करायचा असता, तर रेघ कशावर ओढली असती? ऊर्जेवर, दिसण्यावर, की वयावर? मुले तिन्ही उत्तरे देतील. प्रत्येक उत्तराला ‘मग अमुक घडले तर?’ असा प्रतिप्रश्न विचारत जावे. एकच रेघ पुरत नाही, हे त्यांच्या लक्षात येईल. जपान, ब्रिटन आणि अमेरिका यांनाही ते असेच, एकेका घटनेनंतर, कळत गेले.