मराठी गूढकथेतील मृत्यूची प्रतीके

मराठी गूढकथेत मृत्यू, मरणोत्तर अस्तित्व आणि मानवी जीवनाची नश्वरता सूचित करण्यासाठी ज्या वस्तू, वास्तू, प्राणी, पक्षी व विधी योजले जातात, त्यांना या कथाप्रकारातील मृत्यूची प्रतीके म्हणतात. पाश्चात्त्य गॉथिक कथेशी या कथेचे नाते असले, तरी तिची प्रतीके बहुतांशी महाराष्ट्रातील अंत्यविधी आणि लोकसमजुती यांतून आलेली आहेत. ‘गॉथिक’ या संज्ञेला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. गूढकथा, भयकथा आणि भूतकथा हे तिन्ही शब्द कमीअधिक त्याच अर्थाने वापरले जातात.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी

गॉथिक कादंबरीचा प्रारंभ होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कृतीपासून मानतात. लघुकथेत या परंपरेला घट्ट प्रतीकरूप दिले ते एडगर ॲलन पो यांनी. त्यांच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) या कथेत घराच्या भिंतीवरील बारीक भेग ही त्या घराण्याच्याच अंताची खूण ठरते, तर ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (१८४२) मध्ये काळ्या दालनातील घड्याळाचे टोले मेजवानीत रंगलेल्या माणसांना क्षणभर गप्प करतात. शवपेटी, तळघर आणि जिवंतपणी पुरले जाण्याचे भय ही पो यांची आवडती सामग्री आहे.

दहनसंस्कृती आणि प्रतीकांतील फरक

पो यांची ही सामग्री मराठीत जशीच्या तशी रुजणे कठीण होते. जेथे देह बहुधा अग्नीच्या स्वाधीन होतो, तेथे थडगे उघडून बाहेर येणारे प्रेत वाचकाला परकेच वाटते. त्यामुळे मराठी कथेत भय देहाला चिकटत नाही. ते अपुऱ्या राहिलेल्या वासनेला आणि ती जेथे अडकून पडली त्या जागेला चिकटते. ओस पडलेला वाडा, परसातील विहीर, पारावरचा पिंपळ ही त्या अडकण्याची ठिकाणे होत. मुंज झाल्यावर लग्नापूर्वी मरण पावलेल्या मुलाचा मुंजा, बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ, धनाचा लोभ न सुटलेल्याचा समंध या कल्पनांच्या मुळाशी हेच अपुरेपण आहे. त्या भुतांना भिण्यापूर्वी त्यांची कीव यावी, अशी ही मांडणी आहे.

अंत्यविधींनीही कथाकारांना मोठी सामग्री पुरवली. दहाव्या दिवशी पिंडाला न शिवणारा कावळा हे तर वाक्प्रचारातच जाऊन बसलेले प्रतीक आहे. मृत्यू झाला त्या जागी पीठ पसरून त्याजवळ दिवा तेवत ठेवण्याची आणि नंतर त्या पिठात उमटलेल्या पावलांवरून गेलेल्याचा पुढचा जन्म ताडण्याची चाल अनेक घरांत होती. घरचे लोक वाकून पिठाकडे पाहत आहेत, या दृश्यात भय व माया यांची सीमारेषा कोठे आखावी, हे सांगणे अवघड आहे.

जी. ए. कुलकर्णी

धारवाड येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांना केवळ भयकथाकार म्हणता येणार नाही. परंतु मृत्यूच्या प्रतीकांचा सर्वांत सखोल वापर मराठीत त्यांच्याच कथेत आढळतो. त्यांच्या संग्रहांची नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) ही नावे रंगांची व पाखरांची आहेत. त्यातही पारवा म्हणजे पडक्या वास्तूत घुमणारा पक्षी. पुढे ‘काजळमाया’ (१९७२), ‘सांजशकुन’ व ‘रमलखुणा’ (दोन्ही १९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) या नावांतून अंधार, शकुन आणि भविष्यकथन पुढे येते. पिंगळा हा घुबडाच्या जातीतला लहान पक्षी. त्याची भाषा जाणतो असे सांगत पहाटेच्या अंधारात दारोदार फिरणाऱ्या जोशालाही पिंगळा म्हणतात. पिंगळावेळ म्हणजे रात्र सरलेली नसताना भविष्य ऐकण्याची घटका.

‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. एका वाटसरूला मठात नेऊन स्वामीपद दिले जाते आणि सर्व सुखसोयी असलेल्या, पण बाहेर पडण्याची वाट नसलेल्या भूमिगत खोलीत ठेवले जाते. वरवर हा पो यांच्या तळघराचा भाऊबंद दिसतो. परंतु मराठी वाचकाच्या मनात जमिनीखालील अशी खोली म्हटली की आळंदीची संजीवन समाधी येते. ज्ञानेश्वरांची समाधी (१२९६) स्वेच्छेची होती, येथे ती लादलेली आहे. पूज्य प्रतीक असे उलटे झाल्यामुळेच ही कथा अंगावर येते. त्या कोठडीतून वर उजेडाकडे जाणारी वेल ही तिच्यातील एकमेव जिवंत गोष्ट. तिला केवळ आशेचे चिन्ह मानणे हे सोपे वाचन होय.

नारायण धारप आणि ‘तुंबाड’

पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या अनेक कृतींवर स्टीफन किंग यांची छाया आहे. ‘आजी’ ही कथा किंग यांच्या ‘ग्रॅमा’वर आधारलेली आहे. याच ‘आजी’वरून राही अनिल बर्वे यांना ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाची कल्पना सुचली. शीर्षक मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. चित्रपटातील शापित आजीला मरण येत नाही, तिच्या देहातून झाड उगवते, आणि तिची सुटका होते ती दहनाने. अमेरिकेतून आलेले बीज कोकणच्या मातीत पडताच अग्नीकडे वळले, हे लक्षणीय आहे. मरण न येणे हीच शिक्षा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा हे तिचे जुने रूप होय.

रत्नाकर मतकरी

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथा वाड्यातून काढून मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आणली. ते स्वतः दीर्घकाळ बँकेत नोकरीस होते. त्यांच्या संग्रहांपैकी ‘निजधाम’ हे नाव अर्थपूर्ण आहे: निजधाम म्हणजे स्वतःचे घर, आणि निजधामास जाणे म्हणजे मरणे. मराठी भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले होते. मतकरींनी ते शीर्षकस्थानी आणले. ‘ऐक... टोले पडताहेत’ या शीर्षकातील टोले ऐकताना पो यांचे घड्याळ आठवल्यावाचून राहत नाही.