रक्ताच्या कर्करोगाचे प्रौढ रुग्ण आणि मदतीची व्यवस्था : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कर्करोगाचा इतिहास बहुधा रुग्णालये, संशोधन आणि औषधे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. आजारपणाच्या काळात रुग्णाच्या घरातील उत्पन्नाचे काय झाले, प्रवास व निवासाचा खर्च कोणी उचलला, कर्ज कसे फिटले, हे प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतात. रक्ताच्या कर्करोगात त्यांना विशेष महत्त्व आहे. या रोगाचे उपचार दीर्घकाळ चालतात आणि रुग्ण प्रौढ असेल तर बहुतेक वेळा तोच घरातील कमावता किंवा घर सांभाळणारा माणूस असतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे शेती, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती असलेले तालुके नजरेसमोर ठेवून मदतीच्या व्यवस्थेचा विकास कसा झाला, तिच्यात कोणती उणीव राहिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दानधर्माचा कालखंड

महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभ एका प्रौढ रुग्णाच्या मृत्यूपासून होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना होऊन या रोगावरील संशोधनास साहाय्य मिळू लागले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा भारतातील पहिला प्रयोगही १९८३ मध्ये याच रुग्णालयात झाला.

रुग्णालय उभे राहिले, तरी गावाकडून येणाऱ्या माणसाचा मुक्काम, जेवण आणि औषध यांचा भार त्याच्यावरच होता. ही पोकळी स्वयंसेवी संस्थांनी काही अंशी भरून काढली. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्ये आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ मध्ये स्थापन झाली. दादर येथील श्री गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या असंख्य रुग्णांचा व नातेवाइकांचा आधार ठरली. अर्थात ही मदत मुंबईत पोहोचलेल्या माणसासाठी होती. तेथे पोहोचण्यापूर्वीची व परत आल्यानंतरची व्यवस्था तिच्या कक्षेत येत नव्हती.

अंतराचा प्रश्न

शिरूर व दौंड दोन्ही पुण्यापासून साधारणतः ६५ ते ८० किलोमीटर अंतरावर आहेत. परंतु त्यांची दळणवळणाची परंपरा भिन्न आहे. दौंड हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. शिरूर अर्थात घोडनदी हे जुने लष्करी ठाणे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर आहे. तेथे रेल्वे नाही. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण सवलत मिळते व सोबत्यास तीन चतुर्थांश. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबविण्यात आली, तेव्हाही रुग्णांची सवलत कायम राहिली. दौंडच्या रुग्णाला या तरतुदीचा लाभ घराजवळूनच मिळतो. शिरूरच्या रुग्णाला मात्र एस.टी. किंवा भाड्याच्या वाहनाने प्रथम पुणे गाठावे लागते.

अंतराचा संबंध केवळ भाड्याशी नाही. तीव्र रक्तकर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात रुग्णाला साधारण महिनाभर रुग्णालयात राहावे लागते. वारंवार रक्त व रक्तबिंबिका द्याव्या लागतात. रक्तबिंबिका साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे रक्तदात्यांची सोय सतत करावी लागते. प्रतिकारशक्ती खालावल्याने ताप येताच काही तासांत उपचार मिळणे आवश्यक असते. म्हणून घरी सोडल्यानंतरही अनेक कुटुंबांना शहरातच खोली घेऊन राहावे लागते. गावाकडचे घर व शहरातील खोली, असा दुहेरी संसार या काळात चालवावा लागतो.

औषधाच्या किमतीचा लढा

रक्तकर्करोगाच्या एका प्रकारावर, म्हणजे दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावर, २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीस मान्यता मिळाली. रोज गोळी घेऊन रुग्ण कामावर जाऊ शकेल, अशी शक्यता प्रथमच निर्माण झाली. परंतु नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिवेक’ची किंमत दरमहा सुमारे १ लाख २० हजार रुपये होती, भारतीय कंपन्यांची तीच गोळी सुमारे ८ ते १० हजार रुपयांत मिळत होती. कंपनीने २००२ पासून काही रुग्णांना मोफत औषध देण्याची योजना राबविली, तथापि पेटंटचा आग्रह सोडला नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला. या लढ्यात कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मुंबईची संस्था पक्षकार होती. रुग्णांची संघटना औषधाच्या किमतीसाठी न्यायालयात उभी राहते, हा दानधर्माकडून हक्काकडे झालेल्या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय.

शासकीय विमा योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत पुणे जिल्हा नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती सर्व राज्यात लागू झाली, तेव्हा शिरूर व दौंडच्या पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे ही मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवून योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्यात आली. परिणामी उपचाराचा खर्च ही आता केवळ कुटुंबाची जबाबदारी राहिलेली नाही. मात्र बुडालेली मजुरी, नातेवाइकांचा निवास आणि रुग्णालयाबाहेरील दीर्घ देखभाल हा खर्च या योजनांच्या कक्षेत येत नाही.

बुडालेल्या उत्पन्नाचा प्रश्न

या बाबतीत दोन्ही तालुक्यांत विषमता ठळकपणे दिसते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंद असलेल्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पूर्ण होत असल्यास, वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. या योजनेसाठी वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. त्याच परिसरात ऊस तोडणारा मजूर, शेतकरी किंवा नोंद नसलेला कंत्राटी कामगार यांना असे काहीच मिळत नाही.

त्यांच्यासाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तहसील कार्यालयातून राबविल्या जाणाऱ्या या योजनेत कर्करोगामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील प्रौढांचा समावेश आहे. २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. परंतु पात्रतेसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ वर्षाला २१ हजार रुपये ठेवली गेली. आकडा तोच, एकीकडे तो महिन्याचा, दुसरीकडे वर्षाचा. महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक उत्पन्न असलेले कुटुंब निराधार ठरत नाही. घोड व भीमेच्या पाण्यावर दोन-तीन एकर ऊस करणारा शेतकरी कागदोपत्री या मर्यादेबाहेर राहतो. लागवड व तोडणीच्या हंगामात तो आजारी पडला की उत्पन्न मात्र खरोखरच बुडते.

अशा वेळी कर्ज हाच मार्ग उरतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला, तेव्हा सुपे व आजच्या दौंडचा भाग भीमथडी तालुक्यात होता. शिरूर तालुक्यातही त्या दंग्यांचे लोण पोहोचले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पीक बुडाल्याने होणारे कर्ज ही सार्वजनिक बाब आहे, हे राज्यसत्तेने तेव्हापासून मान्य केले. आजारपणाने होणाऱ्या कर्जाला अशी मान्यता अद्याप मिळालेली नाही.

सामाजिक बाजू

रक्ताच्या कर्करोगात बाहेरून गाठ वा जखम दिसत नाही. त्यामुळे रुग्ण आजारी आहे, हेच कित्येकदा इतरांना पटत नाही. उलट निदान कळल्यावर संसर्गाची निराधार भीती व मुलामुलींच्या विवाहाची चिंता यांमुळे कुटुंब आजार लपविते. लपविलेल्या आजारासाठी रक्तदाते मिळत नाहीत, की तहसील कार्यालयात अर्जही जात नाही. रुग्ण स्त्री असेल तर तिचे श्रम वेतनाच्या हिशेबात नसल्याने तिचे बुडालेले उत्पन्न कोणत्याच योजनेला दिसत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की १९३१ पासूनच्या वाटचालीत संशोधन, रुग्णालय, औषध आणि उपचारखर्च यांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने समाजाने व राज्याने स्वीकारली. आजारी प्रौढाच्या उत्पन्नाची जबाबदारी मात्र संघटित कामगारापुरतीच स्वीकारली गेली. शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांत तीन गोष्टी तातडीने शक्य आहेत : निदान होताच रुग्णालयातूनच तहसील कार्यालयाकडे अनुदानाचा अर्ज जाणे, दुर्धर आजारात उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाच्या प्रत्यक्ष उत्पन्नावर देणे, आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत तालुक्यातील रक्तदात्यांची अद्ययावत सूची ठेवणे. यांपैकी तिसरी गोष्ट महाविद्यालयांना कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता हाती घेता येईल.