पदवी आणि जनतेचा कौल

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेण्यात आले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. पदवीधरांचा कल बहुतांशी संघात राहण्याकडे होता; शालेय शिक्षणावर थांबलेल्यांचा बाहेर पडण्याकडे. विद्यापीठाच्या केंब्रिज शहरात राहण्याच्या बाजूने सुमारे ७४ टक्के, तर शेतीप्रधान भागातील बॉस्टनमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने जवळजवळ ७६ टक्के मते पडली.

यावरून न शिकलेला तो अडाणी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्याय होईल. आज वृद्ध असलेल्यांच्या तरुणपणी विद्यापीठाचे दार फार थोड्यांना उघडे होते. शिवाय पदवीधराला खुल्या युरोपात संधी दिसली. बॉस्टनच्या रहिवाशाला परक्या मजुरांमुळे मजुरी व घरे यांची चिंता वाटली. मत हे ज्ञानाइतकेच अनुभवातूनही घडते.

ब्रिटनमध्ये एकेकाळी विद्यापीठांचे स्वतंत्र मतदारसंघ होते व पदवीधराला त्यामुळे जादा मत मिळे. १९४८ च्या कायद्याने ती प्रथा बंद झाली. सार्वमतात प्राध्यापकाचे मत एक आणि शेतमजुराचेही एकच!

म्हणून आपण शिकलेल्यांनी पदवीचा गर्व न धरता, न शिकलेल्याचे म्हणणे आधी ऐकावे. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचली नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचवावी. शिक्षणसंस्थेचे खरे कार्य तेच होय.