हेन्री वर्झ : युद्धकैद्यांच्या छळाबद्दल फाशी गेलेला कॅप्टन

हेन्री वर्झ (१८२३-१८६५) हा अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्यातील कॅप्टन होता. त्याचा जन्म स्वित्झर्लंडमधील झ्युरिकचा. जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे फेब्रुवारी १८६४ मध्ये युद्धकैद्यांची छावणी सुरू झाली आणि काही आठवड्यांतच तिच्या अंतर्गत कारभाराची जबाबदारी वर्झकडे आली.

ही छावणी सुमारे दहा हजार कैद्यांसाठी आखलेली होती. मात्र दोन्ही बाजूंमधील कैद्यांची देवाणघेवाण थांबल्याने ऑगस्ट १८६४ मध्ये तेथील संख्या ३३ हजारांच्या आसपास पोहोचली. कैद्यांना निवारा नव्हता, अन्न अपुरे होते आणि पिण्यासाठी व शौचासाठी एकच ओढा होता. कुंपणाच्या आत एक सीमा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडत. तिला ‘डेडलाइन’ म्हणत. आज मुदत या अर्थाने रुळलेल्या शब्दाचे मूळ अशा तुरुंगांतील सीमेशी जोडले जाते. सुमारे १४ महिन्यांत तेथे आलेल्या ४५ हजार कैद्यांपैकी जवळपास १३ हजार जण अतिसार, स्कर्व्ही व उपासमारीने मृत्यू पावले.

मे १८६५ मध्ये वर्झला अटक झाली. वॉशिंग्टन येथील लष्करी आयोगापुढे ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. आयोगाचे अध्यक्ष मेजर जनरल ल्यू वॉलेस होते, जे पुढे ‘बेन-हर’ या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाले. कैद्यांचा जीव घेण्याचा कट आणि प्रत्यक्ष खून असे आरोप होते. दीडशेच्या वर साक्षीदार तपासले गेले. आपण केवळ वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या, अन्नपुरवठा आपल्या हाती नव्हता, असा वर्झचा बचाव होता. त्याचा वरिष्ठ, जनरल जॉन विंडर, फेब्रुवारी १८६५ मध्येच मरण पावला होता. आयोगाने बचाव फेटाळला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी वर्झला फाशी देण्यात आली.

या निकालाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. खून झाल्याचे म्हटलेल्या कैद्यांची नावे आरोपपत्रात नव्हती आणि काही साक्षींच्या विश्वासार्हतेवर पुढे प्रश्न उपस्थित झाले. कैद्यांची अदलाबदल पुन्हा सुरू करावी, अशी विनंती घेऊन वर्झने जुलै १८६४ मध्ये पाच कैद्यांना उत्तरेकडे जाऊ दिले होते, हेही त्याच्या बाजूने सांगितले जाते. १९०९ मध्ये दक्षिणेतील एका महिला संघटनेने अँडरसनव्हिल येथेच त्याचे स्मारक उभारले. दुसरीकडे, टंचाईला तो एकटा जबाबदार नसला तरी सीमेवरील गोळीबार आणि कैद्यांना दिलेल्या शिक्षा त्याच्या अधिकारात होत्या, हा मुद्दा उरतोच.

आज्ञेचे पालन हा बचाव पुरेसा नाही, हे तत्त्व पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात स्पष्टपणे मांडले गेले. युद्धकैद्यांना सर्व काळ माणुसकीने वागवण्याचे बंधन १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने घातले. भारतात या करारांच्या गंभीर उल्लंघनाबद्दल शिक्षेची तरतूद १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात आहे.