घरातली पुंजी आणि घराचा कागद

१/ घरात साठवलेल्या रोख पैशातून घर घेता येते का? प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे. गेल्या ऐंशी वर्षांत त्याचे उत्तर वारंवार बदलले, आणि मुंबईच्या चाळीत ते जे होते ते जव्हार तालुक्यातील जामसरला नव्हते. या धाग्यात तो प्रवास पाहू.

२/ पैसा घरात ठेवणे ही अडाणीपणाची खूण नव्हती. टपाल खात्याची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९६९ उजाडले. तोवर खेड्यापाड्यांत बँकेची शाखा विरळाच. मजुरीचा किंवा धान्यविक्रीचा पैसा पेटीत, कणगीत, मडक्यात राही. चांदीच्या रुपयाला निदान धातूचे मोल होते. कागदी नोटेचे मोल सरकारच्या वचनावर उभे होते.

३/ ते वचन मागेही घेता येते, हे १२ जानेवारी १९४६ रोजी दिसले. ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. सुमारे १४४ कोटींपैकी जवळपास १३५ कोटींच्या नोटा बदलून दिल्या गेल्या. मात्र नोट देणाऱ्याला ती आपल्याकडे कशी आली, हे लिहून द्यावे लागले. घरातल्या पैशाकडे प्रथमच साक्ष मागितली गेली.

४/ दुसरीकडे, मुंबईत साक्षच नको असलेला एक व्यवहार रुजत होता : पागडी. महायुद्धानंतर जागांची टंचाई होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडे वाढवता येईना, तेव्हा मालक जागा देताना एकरकमी रोख मागू लागले. ही रक्कम घेणे गुन्हा होता. साहजिकच तिची पावती मिळत नसे.

५/ कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अशी पागडीत गेली. पावती निघे ती केवळ मासिक भाड्याची. राहायला खोली मिळाली, मालकी मिळाली नाही. आणि दिलेल्या पैशाचा पुरावा हाती उरला नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीला अखेर कायदेशीर मान्यता दिली. मधे अर्धशतक लोटले होते.

६/ १६ जानेवारी १९७८ रोजी मोरारजी देसाई सरकारने १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या. सर्वसामान्यांच्या पेटीत त्या क्वचितच असत. ८ नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट निराळी : ५०० आणि १,००० च्या नोटा घरोघरी होत्या. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बँकांत परतल्या.

७/ घरखरेदीच्या रोखीवर थेट बंधन आले ते १ जून २०१५ पासून. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली. दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे घरातल्या पुंजीने घर घेण्याची वाट बंद झाली नाही. ती आता बँकेतून जाते, आणि तेथे पैशाचा उगम सांगता यावा लागतो.

८/ आता जामसर. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. आज हा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघरच्या) या डोंगरपट्ट्यात पैशापेक्षा कागदाने अधिक घात केला. सावकाराच्या कर्जखतावर अंगठा उमटला की जमीन जाई. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूसच वेठीला धरला जाई. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत.

९/ म्हणून १९७४ साली जमीन महसूल संहितेत दुरुस्ती झाली : सरकारच्या पूर्वमान्यतेने मिळालेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही. रोख कितीही असो, बँकेतून कितीही स्वच्छ आलेली असो. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी ठरावीक अटींवर मूळ आदिवासी कुटुंबांना परत देण्याचा कायदाही झाला.

१०/ चाळीतल्या भाडेकरूकडे पैसा होता, कागद नव्हता. डोंगरातल्या कुळाविरुद्ध कागद होता, पण त्यातला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. दोघांचेही घर धोक्यात आले. प्रामाणिक कष्टाचा पैसाही मुका असतो. त्याच्या वतीने बोलतो तो कागद, आणि तो कोणी लिहिला, कोणी वाचला, यावर छप्पर कोणाचे ते ठरते. घरातल्या जुन्या भाडेपावत्या, पासबुके, सातबाराचे उतारे रद्दीत देण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. आपल्या कुटुंबाचा आर्थिक इतिहास बहुधा तेवढाच लिहिला गेला आहे.