छत्तीस तासांतलं अंजदीव

आम्ही अमरावतीकर. आमचा समुद्र म्हणजे वडाळी तलाव! त्यामुळे 'गोवा ३६ तासांत मुक्त झाला' एवढं पाठ करून पुढे गेलो. अंजदीवबद्दल नीट वाचलं ते परवा.

कारवारसमोरचं हे चिमुकलं बेट पोर्तुगीजांकडे होतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथून 'साबरमती' बोटीवर गोळीबार झाला, मग एक कोळी मारला गेला. १८ डिसेंबरला सकाळी 'आयएनएस त्रिशूल'वरचे नौसैनिक होड्यांतून बेटाकडे निघाले. (नौसैनिक हं, पायदळ नाही. जमिनीवरची लढाई हे काही त्यांचं रोजचं काम नव्हे.) पहिली तुकडी उतरली. नौदलाच्या नोंदीनुसार पांढरं निशाण फडकलं, आणि दुसरी तुकडी किनाऱ्याशी येताच मशीनगन सुरू झाल्या. सात जण गेले. मग युद्धनौकांच्या तोफा बोलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बेट हाती आलं.

अख्ख्या मोहिमेत आपले २२ जवान गेले. त्यातले सात या दीड चौरस किलोमीटरच्या खडकासाठी.

आज तिथे नौदलाचा कारवार तळ आहे. बेट कारवारसमोर, पण कागदोपत्री गोव्यातच! ऑफिसच्या ट्रिपला मी दोनदा गोव्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा हे नाव कुणाच्याच तोंडून निघालं नाही. माझ्याही.