तलाठ्याचे दप्तर आणि एसक्यूएल

जानेवारी 1955 मध्ये मद्रासजवळच्या आवडीत उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याने कुळकायदा दुरुस्त केला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. काही अपवाद सोडता, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले जाणार होते.

पण त्या दिवशी कोणत्या सर्व्हे नंबरावर कोण कूळ होते?

उत्तर शोधायचे ते तलाठ्याच्या दप्तरात. गाव नमुना 7 वर मालक आणि इतर हक्कांत कूळ, 12 वर पीकपाहणी, 8-अ वर खातेदाराची गावातली सगळी जमीन. सातवर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून नमुना 6 उघडला की हक्क खरेदीने आला की वारसाने, हे कळते. नमुन्यांची ही गुंफण ज्याला ठाऊक, त्याच्याच दारी गाव जायचे.

1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी संगणकातली माहितीही अशीच तक्त्यांत ठेवावी आणि सामाईक क्रमांकांनी जोडावी, असे मांडले. 1974 मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी प्रश्न विचारण्याची भाषा घडवली. तिचे पहिले नाव सीक्वेल, पुढे एसक्यूएल. प्रोग्रामर नसलेल्यालाही माहिती थेट विचारता यावी, ही त्यांची इच्छा होती. काय हवे ते माणसाने सांगायचे. कसे शोधायचे ते यंत्राने ठरवायचे. फार उदार कल्पना होती ती!

तरी जाणत्याची गरज संपली नाही. समजा, तीन भावांच्या सामाईक खात्यावर दोन हेक्टर जमीन आहे. जमिनीचा तक्ता खातेदारांच्या तक्त्याला जोडला की तीच जमीन तीन ओळींत येते आणि बेरीज सहा हेक्टर दाखवते. यंत्राला यात काहीच वावगे दिसत नाही, कारण विचारले तेच त्याने दिले. जुन्या तलाठ्याने मात्र ‘सामाईक’ हा शब्द वाचून क्षेत्र एकदाच धरले असते.

म्हणून एसक्यूएलमधल्या प्रश्नासाठी, म्हणजे क्वेरीसाठी, मदत मागताना नुसती चूक दाखवू नये. तक्ते कोणते, ते कोणत्या रकान्याने जोडले आहेत, नमुन्यादाखल चार ओळी आणि त्यांतून अपेक्षित उत्तर, एवढे आधी समोर ठेवावे.